न उघडलेलं पाकीट

सयाजी हवालदार साताऱ्याहून परत आला तेव्हा आगगाडीच्या लाकडी बाकानं त्याची पाठ मोडली होती, पण सांगली स्टेशनवर त्यानं हमालाला पेटीला हात लावू दिला नाही. पेटीत औंधच्या एका गृहस्थानं विश्वासानं दिलेला ताम्रपट होता, साताऱ्यातल्या दोन घरांतल्या पोथ्या होत्या. ही सगळी दौलत दुपारी चारच्या आत कॉलेजच्या ग्रंथालयात पोचायला हवी होती. चार वाजता प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि सयाजीला आज सकाळपासून पोटात अन्न गेलं नव्हतं, नुसता आनंद होता.

एकवीस वर्षं पलटणीत काढून पेन्शनवर आलेला हा गडी ग्रंथालयात शिपाई म्हणून लागला, त्याला वर्ष होत आलं होतं. पुस्तकं त्यानं फार वाचली होती असं नाही. पलटणीत रोमन अक्षरं शिकला होता, मराठी बोट ठेवून वाचायचा. पण कपाटातलं एखादं पुस्तक कलंडलेलं दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. ‘आपल्या मुलखातलं लिखाण’ हे प्रदर्शन जाहीर झालं आणि त्याला जणू पुन्हा मोहिमेवर धाडलं. महिनाभर त्यानं गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले. कुणी दिले, कुणी हाकलून लावलं, एकीनं तर सरकारी वसुलीचा माणूस समजून कुत्रं सोडलं. सयाजीनं ते सगळं हसतहसत सोसलं होतं.

ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात टेबलं मांडून झाली होती. ग्रंथपाल आप्पासो मगदूम हातात चिठ्ठ्या घेऊन फिरत होते. किडकिडीत अंगाचा, हळू बोलणारा माणूस, पण शब्दाचा इतका पक्का की उसना घेतलेला पेन्सिलीचा तुकडाही संध्याकाळी परत करायचा.

“आलात हवालदार? फार बरं झालं. ताम्रपट तिकडे खिडकीपाशी ठेवा.”

सयाजीनं ताम्रपट ठेवला, दोन पावलं मागं जाऊन पाहिला, परत जाऊन बोटभर सरकवला. मग त्याची नजर मधल्या काचेच्या पेटीकडे गेली. त्या पेटीत इतर काही नव्हतं. एकच मळकं पाकीट होतं, एका कोपऱ्याला फाटलेलं, आणि चिकटवलेलं जसंच्या तसं. खाली मगदूमांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती. सयाजीनं बोट ठेवून वाचली: ‘न उघडलेले पत्र. मालकीण श्रीमती रंगुबाई यांच्या इच्छेवरून उघडलेले नाही.’

“हे कवा आलं, साहेब?”

“तुम्ही साताऱ्याला गेलात त्याच दिवशी.” मगदूमांनी आवाज आणखी खाली आणला. “जतच्या बाजूची बाई आहे. मेंढरं घेऊन आपल्याकडे नदीकाठच्या शेतांत उतरलीय. मुलगा लढाईवर गेलेला. पलटणीतून हे पाकीट आलं, ते कोपरा फाटलेलं. मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, ते तुम्हाला माहीतच आहे. असलं पत्र घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून तिथंच फाडून टाकायचं. तिला ते वाचून घेववेना, की फाडवेना. महिनाभर झाडाला टांगून ठेवलं होतं म्हणे. आपली प्रदर्शनाची दवंडी ऐकली आणि इथं आणून दिलं. उघडणार नाही असा शब्द घेतलाय तिनं माझ्याकडून.”

लढाईत त्यानं स्वतःच्या हातानं असली चार पत्रं लिहिली होती, मेलेल्या सोबत्यांच्या घरी. चारींचे कोपरे त्यानंच फाडले होते. ते काम किती जड असतं ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तो पेटीवर वाकला, नमस्कार करावा तसा.

वाकला आणि तसाच राहिला.

कोपरा नीट फाटलेला नव्हता. माणूस चिमटीत धरून फाडतो तेव्हा कागद सरळ जातो. इथं कडेला बारीक बारीक खाचा होत्या, एकाशेजारी एक. सयाजीनं नाक काचेला टेकवलं. मग तो ताडकन सरळ झाला.

“साहेब, किल्ली द्या.”

“हवालदार, मी शब्द दिलाय.”

“नुसतं पालथं करायचंय. लढाईच्या पाकिटावर मागल्या अंगाला धाडणाऱ्याचं नाव असतंय.”

“बाईंना विचारल्याशिवाय पेटी उघडणार नाही,” मगदूम म्हणाले. तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मुख्य पाहुणे आले होते, निवृत्त न्यायाधीश. मगदूम उपरणं सावरत धावले. सयाजीला वाटलं, काच फोडावी. पण ग्रंथालयाची काच फोडायला त्याचा हात उठेना.

प्राध्यापक, विद्यार्थी, वस्तू देणारे गावकरी यांनी दालन भरून गेलं. भाषण सुरू झालं. सयाजी मात्र दाराशी उभा राहून माणसं न्याहाळत होता. ज्याअर्थी बाईनं पाकीट दिलंय, त्याअर्थी ती ते बघायला येणार. त्याचा अंदाज चुकला नाही. व्हरांड्यात, खांबाला टेकून, खांद्यावर घोंगडं घेतलेली एक बाई बसली होती. आत येत नव्हती, जातही नव्हती.

“रंगुबाई का?”

“व्हय.”

“आत या की, आक्का.”

“नगं. ते आत हाय.”

सयाजी तिच्यासमोर उकिडवा बसला. पलटणीत रंगरुटांना दरडावणारा आवाज त्यानं खाली आणला. “आवं आक्का, त्या पाकिटाचा कोपरा कुणी फाडल्याला न्हाई. उंदरानं खाल्लाय.”

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली आहे हे त्याला कळलं.

“लय जणांनी लय सांगितलं, बाबा. धीर द्यायला.”

“मी धीर देत न्हाई. धा वर्सं पलटणीच्या धान्याच्या कोठीवर हुतो मी. उंदरानं कुरतडलेला कागूद झोपंत बी वळखीन. पत्र तुमच्या हातात यायच्या आदी कुठं हुतं?”

“वाडीतल्या पाटलाच्या घरात. आमी मेंढरामागं हुतो. त्यानं धान्याच्या कणगीवर ठिवलं हुतं म्हणं.”

“कणगीवर!” सयाजी जवळजवळ ओरडला. आतून एका विद्यार्थ्यानं ‘शूऽऽ’ केलं. “आता सांगा, कणगीवर उंदीर न्हाई येणार तर काय हत्ती येणार?”

ती हसली नाही. घोंगड्याची दशी बोटाभोवती गुंडाळत राहिली. “न उघडल्यालं हाय तवर माजा आकाराम जित्ता हाय. उघडलं आन् तसलंच निघालं, तर मी मेंढरं घिऊन कुठं जाऊ?”

कोपरा उंदरानं खाल्ला म्हणजे आतली बातमी चांगलीच असेल असं थोडंच आहे? हे सयाजीलाही कळत होतं. पण काही सांगायचं आहे म्हणून कुणीतरी ते पाकीट धाडलं होतं, आणि ते ऐकायला इथं कुणी तयार नव्हतं, हे त्याला सहन होत नव्हतं.

“आक्का, मला बघू द्या. मागल्या बाजूचं, धाडणाऱ्याचं नाव तेवढं. दुसऱ्याचं निघालं तर मी तोंडातनं चकार शब्द काढणार न्हाई. पाकीट हाय तसं ठिवीन, तुमी निगून जा.”

आत न्यायाधीश ताम्रपटांविषयी काहीतरी सांगत होते. मग रंगुबाई उठली. “चल,” म्हणाली.

भाषण ऐन रंगात आलेलं. सयाजी सरळ व्यासपीठापाशी गेला आणि मगदूमांच्या कानाला लागला. मगदूम उठले, सगळ्यांच्या देखत खाली आले आणि रंगुबाईसमोर हात जोडून उभे राहिले.

“बाई, मी दिलेल्या शब्दातून मला मोकळं करता?”

तिनं मान हलवली. न्यायाधीश बोलायचे थांबले. पेटी उघडली गेली. सयाजीनं पाकीट उचललं, उलटं केलं. मागं पेन्सिलीनं रोमन अक्षरात नाव होतं, पुसट झालेलं. त्यानं ते ओठांतल्या ओठांत वाचलं, खात्रीसाठी परत वाचलं, आणि मग ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली उभं राहून कवायतीच्या मैदानावर घालावी तशी हाळी घातली.

“आकारामचंच हाय! आकारामनं सोता धाडलंय!”

दालनात एकच गलका उडाला. पण रंगुबाईचा हात त्याच्या दंडावर घट्ट बसला होता. “कवा धाडलंय? त्याच्यामागनं काय झालं असंल तर?”

आता थांबण्यात अर्थ नव्हता. मगदूमांनी कागद कापायची सुरी दिली. सयाजीनं पाकीट कापलं. पत्र फौजेतल्या हिंदुस्तानीत होतं, लिपी रोमन. एकेक ओळ मराठी करून तो मोठ्यानं सांगू लागला. 

“जबलपूर. डिसेंबरची बावीस तारीख. हे पत्र जो कोणी उघडील त्याला आकारामचा रामराम. मी ब्रह्मदेशातून सुखरूप परत आलोय. खेचरांच्या कंपनीत आहे. याच्याआधी आईला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आमच्याकडच्या एकानं सांगितलं की वाडीत पटकीची साथ आली होती. आई असती तर तिनं कुणाच्या तरी हातापाया पडून दोन ओळी लिहून घेतल्या असत्या. म्हणजे आई गेली...”

“कोन गेली?” रंगुबाई म्हणाली. “मी?”

सगळं दालन हसलं, आणि हसता हसता कितीतरी जणांनी डोळे पुसले. पहिल्या दोन पत्रांचं काय झालं असावं हे आता सांगायची गरज नव्हती. पाटलाच्या कणगीवरचे उंदीर चांगलेच शिकलेले दिसत होते.

सयाजी पुढं वाचू लागला आणि त्याचा आवाज बदलला. “घरी कोणी उरलं नसेल तर येऊन काय करू? साहेब विचारतो, सुटणार की राहणार. राहायचं तर आणखी तीन वर्षांची सही करावी लागते. बारा फेब्रुवारीला सही आहे. तोपर्यंत कोणाचं उत्तर आलं नाही तर मी सही करीन.”

त्यानं मान वर केली. “साहेब, आज तारीख काय?”

“अकरा,” मगदूम म्हणाले, आणि आजवर ज्यांनी कधी पावलाचाही आवाज केला नव्हता ते मगदूम ओरडले, “तार! तार करा! टांगा कुठं आहे?”

“टांगा कशाला?” न्यायाधीश व्यासपीठावरूनच म्हणाले. “माझी मोटार घ्या. भाषण काय, नंतरही होईल.”

मोटारीत रंगुबाई पुढं बसली, कारण मागं सयाजी, मगदूम आणि जागा मिळेल तसे चार विद्यार्थी कोंबले गेले होते. हळदीच्या पोत्यांच्या गाड्यांना चुकवत, भोंगा दाबतच मोटार तार ऑफिसापाशी आली. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसलेली रंगुबाई दार कसं उघडायचं ते न कळून तशीच मोटारीच्या काचेवर मुठी मारत होती.

तार ऑफिसच्या खिडकीपलीकडचा बाबू एवढी माणसं आत आलेली पाहून गोंधळला. “मजकूर सांगा. थोडक्यात.”

“लिहा,” सयाजी म्हणाला. “पत्र मिळाले. मुक्काम सांगली. सर्व कुशल. सही करू नये. ताबडतोब...”

रंगुबाईनं त्याला बाजूला सारलं. खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून ती पुढं झाली. “मी सांगती. माज्या लेकाला मी सांगती.”

बाबूनं मगदूमांकडे पाहिलं. “याचं इंग्रजी करून देता का?”

“काही करू नका,” मगदूम म्हणाले. “बाई बोलतील तसंच रोमन अक्षरात उतरवा. फौजेत वाचता येतं त्यांना.”

बाबूनं टाक बुडवला. रंगुबाईनं एक दम घेतला, आणि माळावर मेंढरांना हाळी घालणाऱ्या आवाजात, जबलपूर तिथनं हाकेच्या अंतरावर असावं तशी, ती बोलली:

“आकाराम, तुजी आई जित्ती हाय. घरला ये.”

बाबूनं अक्षरं उतरवली आणि परत वाचून दाखवली. रंगुबाईनं त्याला आणखी एकदा वाचायला लावलं.