एका टोपातलं जेवण

रविवारी सकाळी साडेदहा वाजता मला शेगडीवरून उतरवलं, तेव्हा माझ्यातल्या मसुराचा लगदा झाला होता. मालकीणबाईंनी झाकण काढून आत पाहिलं आणि त्या स्टूल ओढून बसल्या.

मित्रांनो, मी एक जुना, जाड बुडाचा टोप आहे. माझा एक कान सैल झाला आहे आणि बुडाला मधोमध फुगवटा आला आहे, त्यामुळे सपाट ओट्यावर मी जरा डुलतो. जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात एका चपट्या चकतीवर यंत्राचा दाब पडला आणि मी खोल झालो. मग खालून जाड बूड बसवलं. एवढंच माझं बालपण.

तिथून मी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेलो. थंड पदार्थांच्या टेबलावर मालकीणबाईंचे यजमान काम करत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. फ्रेंच पद्धतीचं मसुराचं सॅलड ही त्यांची खासियत. लहान, हिरवट-काळा, सालासकट मसूर ते माझ्यात घालत. सोबत अर्धं गाजर, लवंग टोचलेला कांदा आणि तमालपत्र. आच मंद. पाणी उकळायचं नाही, नुसतं थरथरायचं. मधूनमधून एक दाणा दाताखाली धरून पाहत. दाणा किंचित अडला पाहिजे आणि मग सुटला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. पाणी निथळून मसूर परत माझ्यात यायचा आणि मोहरीची पेस्ट, व्हिनेगर, मीठ, तेल फेटून त्यावर गरम असतानाच ओतायचं. गार झालेला मसूर काही पीत नाही, असं ते म्हणत. मुख्य आचारी माझंही कौतुक करत. ह्या टोपात कधी काही करपत नाही, हे त्यांचे शब्द. पुढे हॉटेलने भांडी बदलली आणि मास्तर मला घरी घेऊन आले.

घरी वेगळाच कायदा होता. मालकीणबाई दिवसभर शिवणयंत्रावर बसत आणि स्वयंपाक मऊसूत करत. बोटाने दाबलं की सपाट झालं पाहिजे, तरच त्या शिजलं म्हणत. मास्तर म्हणायचे, तुझ्या भाजीला चमचा कशाला, गाळणं दे. त्या म्हणायच्या, तुमची भाजी खायला बैलाचे दात हवेत. हा वाद माझ्या डोक्यावरून वर्षानुवर्षं झाला. वाद झाला तरी जेवण एकाच टोपातलं असायचं.

मग मास्तरांचे दात गेले. उरलेले डॉक्टरांनी काढले आणि कवळी करून दिली. ती पहिल्या दिवशी टोचली. डॉक्टरांनी दोनदा घासून बेताची केली, पण मास्तरांचं मन काही तिच्यावर बसलं नाही. तोंडात परक्याचं सामान ठेवल्यासारखं वाटतं, म्हणाले. तेव्हापासून कवळी काचेच्या पेल्यात आहे आणि मी दोन्ही वेळेला शेगडीवर आहे. भात, बटाटा, भोपळा, जे असेल ते माझ्यात शिजतं, मग डावाच्या पाठीने घोटलं जातं. मालकीणबाईंचं स्वतःचं जेवण लहान भांड्यात वेगळं होतं. मास्तरांना वाढून, मला घासून होईपर्यंत ते गार झालेलं असतं. त्या ओट्याशी उभ्यानेच खातात. मऊ खाणाऱ्या बाई, पण घोटलेलं त्यांनाही जात नाही.

भांड्याला थकवा येत नाही, असं लोकांना वाटतं. येतो. माझ्या आतल्या बाजूवर डावाच्या रेघा उमटल्या आहेत. पण डाव धरणारा हात माझ्याहून थकलेला आहे, हे मला मुठीच्या जोरावरून कळतं.

शनिवारी त्यांनी मास्तरांना सरळ विचारलं, कवळी कधी लावणार. मास्तर हसले. माझ्यासारखं मसुराचं सॅलड करून दाखव, त्याच दिवशी लावतो, म्हणाले. बाईंच्या हातून दाणा अख्खा उतरणार नाही, याची त्यांना खात्री होती. आणि रविवारी सकाळी तसंच झालं. घोटण्याची सवय लागलेला हात, अजून एक उकळी म्हणता म्हणता उशिरा थांबला.

मास्तरांनी बशीत लगदा घेतला, वर व्हिनेगर शिंपडलं आणि बोळक्या तोंडाने सगळा संपवला.

"छान झालंय गं. अजून आहे?"

"अहो, ही खळ आहे. पुस्तकं चिकटवा हिने," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला घासलं. पाकिटात उरलेला मसूर निवडून धुतला आणि मला पुन्हा शेगडीवर ठेवलं. आता मास्तर खुर्ची घेऊन जवळ आले. आधी त्यांनी नेहमीच्या सूचना केल्या. आच कमी कर, मीठ शेवटी, गाजर मोठं चिरलंस. बाई ऐकत होत्या. बोटाने दाबायचं सोडून त्या दर थोड्या वेळाने एक दाणा चावून पाहू लागल्या. मास्तर बाईंच्या जबड्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या सूचना बदलल्या.

"अजून दोन मिनिटं राहू दे की."

बाईंनी शेगडी बंद केली.

"जन्मभर मला कच्चं ठेव म्हणून शिकवलंत. आज दोन मिनिटं कशाला हवीत?"

बाईंनी पाणी निथळलं, मसूर परत माझ्यात घातला आणि फेटलेलं व्हिनेगर-तेल ओतलं. बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली वरून आली. दाणे अख्खे होते, चकचकीत होते, एकमेकांना चिकटले नव्हते. इतक्या काळात पहिल्यांदाच माझ्यात काही घोटलं गेलं नाही.

"मला आता दोन-दोन स्वयंपाक रेटवत नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझं जेवण रोज गार होतं."

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा टोप असेल. त्याचा कान सैल झाला तर स्क्रू आवळा, रिकामा तापू देऊ नका. आणि जेवताना एकदा मागे वळून पाहा, कोण अजून उभं आहे.

बाईंनी दोन ताटं वाढली, दोन्ही माझ्यातूनच. कवळीचा पेला मास्तरांपुढे सरकवला आणि त्या समोर बसून जेवू लागल्या. मास्तरांकडे त्यांनी पाहिलं नाही. हे सांगेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला आहे. वरची कवळी मास्तरांच्या तोंडात आहे, खालची पेल्यात. पहिला घास त्यांनी घेतला आहे, आणि तो अजून गालातच आहे.