राबल्याचे तास

तराजूबाईंच्या टेबलावरून गेलेली पदवी पुन्हा कुणी तपासत नसे. विद्यापीठाच्या समकक्षता विभागात त्यांनी सोळा वर्षं काढली होती. परदेशात शिकून आलेल्यांची कागदपत्रं त्यांच्यापुढे यायची आणि तिथली अमुक पदवी इथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, हे त्या ठरवायच्या. कुठे तीन वर्षांत पदवी मिळते, कुठे चार. कुठे परीक्षा तोंडी, कुठे सगळी मदार प्रबंधावर. निम्म्या जगातल्या विद्यापीठांचे नियम बाईंना तोंडपाठ होते, आणि त्यातल्या एकाचीही पायरी त्या चढल्या नव्हत्या. हे त्यांना कचेरीत कुणी बोलून दाखवत नसे. त्या स्वतःच स्वतःला रोज ऐकवत.

अठराव्या वर्षी त्यांना परदेशातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. त्या देशात फीसुद्धा नव्हती. पण तिथली शाळा तेरा वर्षांची, इथली बारा, म्हणून बाहेरून येणाऱ्यानं आधी एक तयारीचं वर्ष करायचं, असा तिथला नियम. वडील म्हणाले, शिकलेलंच पुन्हा शिकायला परदेश कशाला? विषय तिथेच संपला. अकरा वर्षांनी धाकटी बहीण अठराची झाली, तोवर त्या देशानं तो नियम काढून टाकला होता. कुणा मंत्र्यानं चहा पिता पिता सही केली असेल, आणि धाकटी थेट विमानात बसली. घर तेच, विद्यापीठ तेच, मधे फक्त एका परिपत्रकाचा फरक. माणसावर रागवता तरी येतं, परिपत्रकावर रागवून काय करणार? म्हणून तो राग फिरून फिरून धाकटीवर येऊन बसला.

दहा वर्षांनी धाकटी परतली आणि आईकडे जेवायला जमलं की तिचं 'तिकडे' सुरू होई. तिकडे प्राध्यापकाला नावानं हाक मारतात. तिकडे तासाला नाही गेलं तरी चालतं, पण वाचून नाही गेलं तर चालत नाही. तिकडे अभियंत्याची पोरगी एक वर्ष तत्त्वज्ञान शिकून परत येते आणि कुणी वेड्यात काढत नाही. आई घास हातात धरून ऐकत राही. बाईंना यातलं सगळं ठाऊक होतं, कलमांसकट ठाऊक होतं. पण सोळा वर्षांत आईनं त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुझ्या फायलींत काय असतं गं.

धाकटीची एका महाविद्यालयात अध्यापक म्हणून निवड झाली. समकक्षतेचं प्रमाणपत्र दिलं की नेमणूक पक्की. विभागात अर्जदाराच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून फाईल पुढे येते, म्हणजे कुणी ओळखीला जागू नये. पण सख्ख्या बहिणीची जन्मतारीख कोणती पट्टी झाकणार? बाईंनी पहिलं पान उलटलं आणि ओळखलं. नात्याचं प्रकरण दिसलं की फाईल साहेबांकडे परत द्यायची, हा नियम त्यांनीच नव्या लोकांना शिकवला होता. त्यांनी फाईल परत दिली नाही. दोन दिवस ती तशीच समोर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी मोजायला घेतली.

मोजणीत एक मेख होती. इथे धरतात ते वर्गात बसल्याचे तास, तिकडे धरतात ते विद्यार्थ्यानं एकूण राबल्याचे, ग्रंथालयातले आणि प्रबंधाचेही. म्हणून तिकडची एका वर्षाची पदव्युत्तर पदवी इथल्या दोन वर्षांच्या तोडीची ठरते. बाईंनी शेकडो पोरांसाठी हे राबल्याचे तास धरले होते. धाकटीच्या वेळी त्यांनी फक्त वर्गातले धरले. ते भरले दोनशे ऐंशी, हवे होते त्याच्या निम्मेही नाहीत. बाईंनी 'समकक्ष नाही' असा शेरा मारला, आणि त्या संध्याकाळी त्यांना भूक चांगली लागली. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण झालं ते असं.

रविवारी सकाळी धाकटी नकाराचं पत्र आणि फितीनं बांधलेला फोल्डर घेऊन ताईच्या घरी आली. मंगळवारपर्यंत प्रमाणपत्र दिलं नाही तर नेमणूक दुसऱ्याला जाणार होती. ती म्हणाली, ताई, तुझ्या विभागात कुणीतरी घोळ घातलाय, तू मला अपील लिहून दे. डोळे सुजलेले होते तिचे. बाईंना दया आली की आपल्याच हातचं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर गेल्यानं सुटल्यासारखं वाटलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागल्या. हात बसलेलाच होता. वर्गातले दोनशे ऐंशी, प्रबंधाचे सातशे, अभिलेखागारात जुने दस्तऐवज चाळल्याचे तीनशे दहा. धाकटी खांद्यावरून वाचत होती.

"ताई, हे तीनशे दहा कुठून आणलेस?"

"तिकडच्या अभ्यासक्रमात असतात ना," बाई म्हणाल्या.

"नसतात. ते काम अख्ख्या वर्गात मी एकटीनं मागून घेतलं होतं. ते एकाच कागदावर लिहिलंय आणि तो कागद तुमच्या विभागातल्या माझ्या फाईलीत आहे."

फोल्डरची गाठ अजून सुटलेली नव्हती. बाईंनी पेन खाली ठेवलं. खोटं बोलायला जागा उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मनातलं झाकून ठेवण्याचा त्यांना कंटाळाही आला होता.

"तुझी फाईल माझ्याच टेबलावर होती," त्या म्हणाल्या. "तुझं मला बघवलं नाही."

धाकटी रडली नाही की भांडली नाही. खुर्ची ओढून बसली. मग हळूच म्हणाली, "मी आईला सांगितलं होतं, ताईच्याच विभागात आहे, आता काळजी नको."

अपील समितीची बैठक दोन महिन्यांनी होती. मंगळवार गाठायचा एकच रस्ता होता आणि तो फक्त बाईंना माहीत होता. नातेवाइकानं तपासलेलं प्रकरण आपोआप रद्द होतं आणि फाईल त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर जाते. साहेब पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते, त्यांच्या खुर्चीवर बाईच बसणार हे शिपायालाही ठाऊक होतं. बाईंनी अर्धवट अपील बाजूला सारलं, कोरा कागद घेतला आणि एकच ओळ लिहिली: हे प्रकरण अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीनं, नातं ठाऊक असताना तपासलं आहे. खाली सही केली, हुद्दा लिहिला.

धाकटीनं कागद दोनदा वाचला. "यानं तुझं काय होईल?"

"चौकशी होईल. खुर्ची जाईल."

आता ही 'राहू दे' म्हणेल, अशी बाईंना आशा होती. धाकटी तसं म्हणाली नाही. तिनं कागद फोल्डरमध्ये घातला, पुन्हा गाठ मारली आणि दारात चपला घालताना विचारलं, की उद्या फाईल कोणाकडे जाईल. बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव सांगितलं.

"नीट मोजतो का तो?"

"मोजतो. मीच शिकवलंय त्याला."

"मग मोजेल," धाकटी म्हणाली. "मी त्याची कुणी लागत नाही."