आईच्या खोलीतले बीजाणू

धाकटीचं काम नेमकं काय, हे घरात फक्त आईला कळलं होतं. आई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडत बसलेली. एकदा जेवताना धाकटीनं तिला सांगितलं, की काही जंतू उपाशी पडले की मरत नाहीत. स्वतःभोवती टणक कवच बांधतात आणि बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात. पण हा निर्णय एकटं कुठलं प्रथिन घेत नाही. एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा कण देतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटच्याकडे तो पोचला की बीजाणू बनायला लागतो.

"म्हणजे कॉल जोडणंच की," आई म्हणाली. "मग तू काय करतेस?"

"देताना-घेताना दोघं कशी उभी असतात, कुठे कुणाला चिकटतात, ते बघते."

"आणि मध्येच कुणी लाईन कापली तर?"

"कापतात ना. तीही प्रथिनंच."

"आमच्याकडे सुपरवायझर होती तसली," आई म्हणाली, आणि दोघी ठसका लागेपर्यंत हसल्या. दादा ताटातून मान वर न करता म्हणाला, "जेवताना जंतू नकोत."

अशी दोन प्रथिनं एकमेकांना धरून असतानाच त्यांचे स्फटिक व्हायला हवे होते. त्याशिवाय क्ष-किरणांनी त्यांचा आकार दिसणार नव्हता. सात वर्षं ते होत नव्हते. आणि एका सकाळी झाले, मिठाच्या कणाहूनही बारीक. ते घेऊन दूरच्या शहरातल्या क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर जायचं होतं. धाकटीनं आधी आईला फोन केला.

"अगं, मग जा की! मला काय विचारतेस?"

"तुझं पोट कसं आहे?"

"ठणठणीत."

ते खोटं होतं. दाढ सुजली म्हणून घेतलेल्या अँटिबायोटिकनं आईच्या आतड्यातले भले जंतू मेले होते आणि एका वाईट जंतूचं फावलं होतं. औषधानं तो जायचा, पण त्याचे बीजाणू मागे उरायचे, आणि औषध थांबलं की पुन्हा उठायचे. पहिल्या दोन खेपा धाकटीला माहीत होत्या. ही तिसरी होती. त्या दिवशी आई सकाळपासून अकरा वेळा उठली होती. फोन ठेवून ती दादाला म्हणाली, "तिला कळवलंस तर माझी शपथ आहे. सात वर्षांनी आलेत बिचारीचे स्फटिक."

दादानं कळवलं नाही.

आठव्या दिवशी धाकटी परत निघाली, तेव्हा त्याचा फोन आला. "आई हॉस्पिटलात आहे. चार दिवस झाले."

ती सामानासकट तिथेच गेली. दादा दाराजवळच्या बाटलीतलं सॅनिटायझर हाताला चोळत होता.

"त्यानं बीजाणू मरत नाहीत," ती म्हणाली. "साबणानं धू."

एवढ्या दिवसांनी भेटल्यावर तिचं पहिलं वाक्य हे. दादा नळाकडे गेला.

आईचा चेहरा मुठीएवढा झाला होता. तिनं विचारलं, "दिसलं का?"

धाकटीनं लॅपटॉप उघडला. "हे हिरवं देणारं. हे निळं घेणारं."

आईनं बराच वेळ पाहिलं. "किती जवळ उभी आहेत गं," ती म्हणाली. मग, "माझ्या पोटातल्यांचंही असंच?"

"तो जंतू वेगळा. पण शेवटचं प्रथिन बरंचसं सारखं."

"म्हणजे तुझ्या ओळखीतलेच निघाले," आई म्हणाली. हसायला गेली, पण तेवढा दम तिच्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी आतड्याचं ऑपरेशन करावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

वहिनीला सातवा महिना होता, म्हणून आईच्या आजारपणात ती माहेरी राहिली होती. ती परत यायच्या आधी आईची खोली साफ व्हायला हवी होती. दादानं फोन केला. "कसं करायचं ते तुलाच माहीत."

दोघांनी मास्क आणि हातमोजे घातले. पलंग, दाराची कडी, दिव्याची बटणं, आईचा फोन, सगळं ब्लीचनं पुसलं आणि दहा-दहा मिनिटं ओलं राहू दिलं. कपडे ब्लीचच्या पाण्यात भिजत टाकले. गादी टाकून द्यायला खाली नेऊन ठेवली. शेवटी उशी राहिली. दादानं ती छातीशी धरली होती.

"ही राहू दे."

"नाही, दादा."

"पिशवीत बांधून माळ्यावर टाकतो. बाळाजवळ आणणार नाही."

"ते महिनोन्‌महिने टिकतात. आणि वास घ्यायला तू पिशवी उघडशील."

तो नाही म्हणाला नाही. मग त्यानं विचारलं, "तुझ्या त्या चित्रातून आईसाठी औषध निघणार होतं का?"

"नाही. निघालंच तर पंधरा-वीस वर्षांनी."

"मग ते काम आठ दिवस थांबलं नसतं?"

"थांबलं असतं. तू एक फोन करायचा होतास."

"तिनं शपथ घातली होती."

"आणि तू ऐकलंस?"

"ऐकलं," दादा म्हणाला. "जन्मभर तिचं एक ऐकलं नाही मी. नेमकं हेच ऐकलं."

धाकटीनं त्याच्या हातातून उशी घेतली. मास्क खाली ओढला आणि तोंड उशीत खुपसलं. असं करू नये हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग उशी काळ्या पिशवीत घालून तिनं दोन गाठी मारल्या. दादा पिशवी खाली घेऊन गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

बाळ सुखरूप झालं. मुलगी. धाकटीचा लेख छापून आला, तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी सगळ्यांना पेढ्यासारखा वाटला. दादाला तिनं तो पाठवला नाही, त्यानंही मागितला नाही. आता दर रविवारी त्यांचा फोन होतो. बाळ पालथं पडलं, बाळाला सर्दी झाली, असं दोघं बोलत राहतात. बोलणं आईपाशी आलं की दोघांपैकी कुणीतरी म्हणतं, "चल, ठेवते," नाहीतर "चल, ठेवतो."