टॉर्च धरणारी

गाडीचा रेडिओ सोमवारी सकाळी पुन्हा बंद पडला. खालून बाळरावांचा वैतागलेला आवाज आला आणि वर स्वयंपाकघरात नीरजाताईंनी निवांतपणे भाजीला फोडणी दिली. बंद पडणारच होता. आदल्या दुपारी बाळराव घोरत असताना त्यांनीच खाली जाऊन रेडिओमागच्या अर्थिंगच्या वायरीचा स्क्रू दोन आटे सैल करून ठेवला होता.

आणि का करू नये? गेल्या महिन्यात बाळरावांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीचा चुराडा केला. वॉचमन नेमका पाणी प्यायला उठला होता, म्हणून वाचला बिचारा. पण ऐकतील तर ते बाळराव कसले! किल्ली लपवली, तर त्यांनी अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली. "म्हातारा झालोय, मेलो नाही अजून!"

त्यांचा एक नियम मात्र जन्माचा होता. गाडीतली एक जरी वायर गडबड करत असली, तरी ती नीट झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. ठिणगी कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणायचे. त्यातून सगळी नोकरी रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. असा माणूस बिघडलेला रेडिओ घेऊन फिरायला जाईल? छे!

आता नीरजाताईंना अर्थिंग कुठून ठाऊक? अहो, लग्न झाल्यापासून बाळराव दुरुस्तीला बसले की टॉर्च धरायला त्याच. टॉर्च जरा हलला की ओरडा. "ही वायर कसली हो?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "तुला नाही कळायचं. तू नुसता टॉर्च धर." त्यांनी धरला, आणि धरता धरता सगळं बघून ठेवलं.

म्हणून कधी स्क्रू सैल, कधी फ्यूज जेमतेम अडकवलेला, कधी मागचा प्लग अर्धा बाहेर. बाळराव रोज दोष शोधून काढायचे, रेडिओ सुरू व्हायचा, स्वारी खूश होऊन वर जेवायला यायची. दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाजवळच्या खड्ड्यात आदळली की पुन्हा आवाज गुल. मग तिथूनच गाडी मागे.

"झाला का हो रेडिओ?" नीरजाताई पोळी वाढताना विचारायच्या. "नाहीतर एखादा मेकॅनिक बोलावू या. तुम्हाला आता झेपत नसेल."

हे बोलायची काडीची गरज नव्हती. पण बोलताना त्यांना फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांचा वचपा निघत होता.

तिसऱ्या आठवड्यात बाळराव चिडायचेच थांबले. एका सकाळी त्यांनी टेस्टर जेवणाच्या टेबलावर ठेवला. "विकून टाकू गाडी. ज्याला साधा रेडिओ जमत नाही, त्यानं स्टिअरिंगला हात लावू नये."

जिंकल्या नीरजाताई. मार्केट यार्डात गाळा असलेले उत्तरेश्वर गाडी बघायला येणार, त्या सकाळी त्यांनी गुपचूप सगळं घट्ट करून ठेवलं. बिघडलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

उत्तरेश्वर चक्कर मारून आले ते गाणी लावूनच. "काका, बंद कुठं पडतोय? सगळे खड्डे बघून बघून घातली की गाडी!"

बाळरावांनी स्वतः बटण दाबलं. बंद केला, चालू केला. डॅशबोर्डवर चार बुक्क्या मारल्या. रेडिओ आपला गातोय. बाळराव आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"म्हणजे तो ठीकच होता," ते म्हणाले. "बिघाड इकडे होता." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

नीरजाताईंच्या अगदी ओठांवर आलं. सांगावं का? पण सांगितलं तर सौदा मोडणार, आणि हे पुन्हा गाडीत बसणार. एकदा गाडी जाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं.

गाडी गेली. संध्याकाळी बाळराव शेगडीपाशी येऊन उभे राहिले. "नीरजा, गॅस मी बंद केलाय ना? जरा बघ." बंद होता, बाळरावांनी स्वतःच केला होता. दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं आणि तीनदा खात्री करायला लावली. तिसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. एवढा मिजासखोर माणूस, आता शर्टाची बटणं लावून समोर यायचा, बरोबर लागली का विचारायला.

नीरजाताईंना ते बघवेना. त्या त्यांच्यासमोर बसल्या. "अहो, ऐका. तो रेडिओ मी बिघडवत होते. रोज. अर्थिंगचा स्क्रू मी सैल करायचे, फ्यूज मी काढायचे. तुमचं डोकं ठणठणीत आहे हो!"

 बाळराव कितीतरी दिवसांनी हसले आणि त्यांनी नीरजाताईंचा हात थोपटला.

"माझं मन राखायला खोटं बोलतेस. चांगली आहेस तू," ते म्हणाले. "पण अगं, अर्थिंग, फ्यूज... ते तुला कुठलं कळायला?"

आणि गोळ्यांची डबी त्यांनी नीरजाताईंपुढे धरली. "यातली सकाळची कुठली, तेवढं सांग."