रुसलेल्या म्हशीची वीज

गावात वीज आली ती म्हशीच्या पोटातून. शेणाचा गॅस, गॅसवर इंजिन आणि इंजिनावर वीज. योजना गावच्या सगळ्या गुरांच्या भरवशावर आखली होती, पण ज्याने त्याने आपलं शेण शेताला राखून ठेवलं आणि गॅसच्या टाकीचा भार पडला आत्याच्या एकट्या म्हशीवर. म्हैस धिप्पाड होती, खादाड होती. गावाचं भागत होतं.

मग आत्या लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि म्हशीने वैरणीला तोंड लावणं सोडलं.

आधी गोत्यात आला आत्याचा भाचा, गिरणीवाला. गिरणी कण्हत कण्हत थांबली, दळण तुंबलं, दारात डब्यांची रांग लागली. त्याने आत्याला फोन केला.

"शिव्या खाल्ल्याशिवाय ती चारा खात नाही," आत्या म्हणाली. "फोन धर तिच्या कानाशी."

आत्याने पलीकडून म्हशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हशीने कान हलवले आणि मन लावून चारा ओढला. पण तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. फोनला वीज हवी, विजेला शेण, शेणाला म्हैस आणि म्हशीला फोन! गावातले सगळे फोन असेच एकेक करून आत्याच्या शिव्यांपायी खर्ची पडले.

"आता तूच घे मनावर," गावप्रमुख म्हणाले. "घरचाच आहेस."

गिरणीवाल्याला घाम फुटला. त्याने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. बायकोकडे पाणी मागायचं तरी आधी खाकरायचा. "खाऊन घ्या ना जरा," तो पुटपुटला. म्हशीने तोंड फिरवलं.

"अहो, म्हशीला कसलं अहो-जाहो करताय!" बायको ओरडली.

तेव्हा त्याचा बांध फुटला. "गीळ गं, टवळे! आयतं पुढ्यात येतंय तरी फुगून बसतेस?" म्हशीने घास घेतला. त्याला चेव आला. मग दळणात खडे पाठवणाऱ्यांचा उद्धार झाला, मग गावप्रमुखांचा. "आणि तुम्ही! शेण लपवता आणि पंखा मात्र दिवसभर!" गावप्रमुख मान खाली घालून ऐकत राहिले, कारण म्हैस खात होती.

आत्या परतली. गोठ्यात शिरून तिने ठेवणीतली एक हासडली. म्हशीने वर पाहिलंसुद्धा नाही.

"हातची गेली," आत्याने डोळे पुसले आणि नातवाकडे परत जायला पिशवी उचलली.

सकाळी गावप्रमुख शेणाची पाटी घेऊन गिरणीवाल्याकडे आले. मागे त्यांची गाय होती.

"हिलाही जरा दोन शब्द," ते म्हणाले.