कोल्ह्याला मारलेल्या हाका

केसांच्या रंगांनी हाताची कातडी सोलवटायला लागली, तेव्हा पार्लरकाकूंना डॉक्टरांनी दुकान बंद करायला सांगितलं. काकूंनी कुरकुर करत का होईना, केलं. हात बरे झाले. पण दुकान गेल्यावर तोंडाचं काय करायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

काकूंचे हात आणि तोंड आयुष्यभर एकाच बटणावर चालत आले होते. हातात कात्री आली की बोलणं सुरू. समोरच्या बाईच्या गळ्याभोवती कापड बांधलेलं, डोकं ओलं, ती बिचारी उठून जाणार कुठे? अर्ध्या गावाच्या सुना, सासवा आणि मुख्याध्यापिका काकूंचं ऐकत म्हाताऱ्या झाल्या होत्या. आता घरात ऐकायला एकटे काका. काका घड्याळं दुरुस्त करायचे, मुळात मितभाषी, त्यात कान गेलेले. सकाळी कानाचं मशीन लावायचे आणि काकूंचं पहिलं वाक्य संपायच्या आत काढून डबीत ठेवायचे.

"अहो, मी बोलतेय!"

"बॅटरी वाचवतोय," काका म्हणायचे आणि डोळ्याला भिंग लावून घड्याळात शिरायचे.

काकूंना घर खायला उठलं. आवरलेली कपाटं त्या पुन्हा आवरायच्या. खिडकीत उभ्या राहायच्या, तिथून दारात, दारातून परत खिडकीत. खुर्चीत बसल्या तर पाय हलत राहायचा. शेवटी काकाच वैतागून म्हणाले, "अगं, तू अशी येरझारा घालतेस, माझे स्क्रू उडतात. कुठेतरी जा बाई."

म्हणून त्या गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात गेल्या. शेतांच्या पलीकडे पत्र्याचं एक लांबलचक छप्पर, मागे जाळीचे मोठे पिंजरे. तारेत अडकलेली घुबडं, गाडीखाली सापडलेले ससे, पंख मोडलेली घार, आई मेलेली पिल्लं, असं सगळं रानातलं गणगोत तिथे यायचं, बरं व्हायचं आणि परत रानात जायचं. एक डॉक्टरीणबाई ते सांभाळायची. वयानं काकूंच्या मुलीएवढी, पण बोलणं मोजून मापून.

"पगार नाही, वास आहे," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "आणि पिल्लांच्या खोलीत एक शब्द बोलायचा नाही. लांब कोट घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं, खाणं ठेवायचं, निघायचं. नाव ठेवायचं नाही, लाड करायचे नाहीत. पिल्लू माणसाच्या आवाजाला सरावलं तर सुटल्यावर माणसाकडेच जातं. आणि माणूस काठी घेऊन उभा असतो."

"एक शब्द नाही?" काकूंनी विचारलं.

"एकही नाही."

काकूंनी मान डोलावली. पिंजरे घासले, घारी-घुबडांच्या खाण्यासाठी उंदीर कापले, घुबडाची घाण खरवडली. आत तोंड गप्प ठेवायचं आणि बाहेर आल्यावर नळाशी, झाडूशी, जो भेटेल त्याच्याशी बोलून घ्यायचं. असं त्यांचं कसंबसं निभत होतं, तोवर कोल्ह्याचं पिल्लू आलं.

आई रस्त्यावर गाडीखाली गेलेली. पिल्लू नाल्याच्या पाइपात सापडलं, अंगावर गोचिड्या इतक्या की खालची कातडी दिसेना. डॉक्टरीणबाईनं काकूंचे हात पाहिले होते. आयुष्यभर भुवया कोरलेले हात. तिनं चिमटा काकूंच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे काम तुमचंच. रोज थोड्या थोड्या काढा. घाई नको, डोकं आत राहिलं तर पिकतं."

पहिल्या दिवशी काकू दातांवर दात दाबून बसल्या. दुसऱ्या दिवशी पिल्लानं मान झटकली आणि त्यांच्या तोंडून, "हलू नकोस रे मेल्या, लागेल," एवढं निसटलं. दार बंद होतं, कुणी ऐकलं नाही. पिल्लू मात्र थांबलं. कान उभे केले आणि मान वाकडी करून काकूंकडे बघत राहिलं.

झालं! मग कुठलं थांबतंय. नणंदेनं हळदीकुंकवाचं ताट जसं उरकावं तसं आपल्याला कसं उरकलं, शेजारीण उसना नेलेला मिक्सर परत देताना झाकण कसं विसरते, काका कसे घरात असून नसल्यासारखे, सगळं सगळं काकूंनी त्या पिल्लाला सांगितलं. चिमटा चालायचा, तोंड चालायचं, आणि ते बेटं एकटक ऐकायचं. काकूंना इतकं मन लावून ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांचा त्याच्यावर जीव जडला. कोट घालतानाच त्या दाराबाहेरून हळूच म्हणायच्या, "ये रे मेल्या, आले मी." आत लगेच पायांची धावपळ ऐकू यायची.

गोचिड्या संपल्या, पिल्लू वाढलं, मागच्या मोठ्या पिंजऱ्यात गेलं. काकू तिथेही जाळीजवळचं गवत काढायच्या निमित्तानं बसायच्या आणि कुजबुजायच्या.

मग एक दिवस नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. पाना फिरवत तो फोनवर बायकोशी मोठ्यानं बोलत होता. कोल्हा झुडपातून निघाला, शेपूट हलवत सरळ जाळीशी आला आणि प्लंबरसमोर पोट वर करून पडला.

"ओ डॉक्टर," प्लंबर हसत ओरडला, "हा तर कुत्रा निघाला तुमचा!"

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं निवाऱ्यातल्या सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "याच्याशी कोण बोलतं?"

गप्प राहता आलं असतं, पण गप्प राहणं काकूंना कधी जमलं होतं?

"मी," त्या म्हणाल्या. "म्हणजे, थोडंसं. गोचिड्या काढताना."

डॉक्टरीणबाईनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, तेच काकूंना जास्त लागलं. "काकू, याला असा सोडला तर आठवड्यात कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभा राहील. कोंबड्या बघून लोक काठी उचलतील, आणि हा पोट वर करून पडेल. सोडता आला नाही तर प्राणिसंग्रहालयात पाठवायचा. जन्मभर फरशीवर. थंडी पडायच्या आत काय ते ठरवायला हवं, नंतर त्याला स्वतःची जागा शोधायला वेळ मिळत नाही."

"आता काय करू मी?" काकूंचे डोळे भरून आले. "मी येणं बंद करते."

"बंद करून कसं चालेल? बिघडवलंय तुम्ही, सुधारायचंही तुम्हीच."

प्लंबर उत्साही माणूस. त्यानं रोज संध्याकाळी येऊन डबा बडवला, पाण्याच्या नळीनं कोल्ह्याला झोडपलं, आरोळ्या ठोकल्या. थोड्याच दिवसांत कोल्हा कुठल्याही पुरुषाची चाहूल लागली की झुडपात गडप व्हायला लागला. प्लंबर खूश. पण काकू नुसत्या खोकल्या तरी तो धावत यायचा.

"पुरुषांचं काम झालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण अर्धं जग बायकांचं आहे. आता तुमची पाळी."

काकू नळी घेऊन उभ्या राहिल्या. आठवतील त्या शिव्या त्यांनी दिल्या. मुडद्या म्हणाल्या, तुझं वाटोळं होवो म्हणाल्या, सासूच्या तोंडून ऐकलेल्या ठेवणीतल्या सगळ्या बाहेर काढल्या. कोल्हा आनंदानं उड्या मारायला लागला. पाण्याच्या धारेला पंजे मारू लागला. त्याला वाटलं, आज काकू रंगात आहेत.

"तुम्ही लाडानं शिव्या देताय," डॉक्टरीणबाई मागून म्हणाली.

"मला दुसऱ्या येतच नाहीत!"

"मग शिव्या नकोतच. रोजच्यासारखी हाक मारा. अगदी तशीच, गोड. तो जाळीशी आला की डबा बडवा आणि पाणी तोंडावर मारा. पुन्हा हाक, पुन्हा पाणी. त्याला कळलं पाहिजे की ही हाक म्हणजे फसवणूक."

असलं काम काकूंनी जन्मात केलं नव्हतं. गिऱ्हाइकाला नको असलेला कट सुद्धा त्यांनी कधी फसवून गळ्यात मारला नव्हता. पण फरशीवरचा जन्म डोळ्यांपुढे आला. त्या जाळीशी बसल्या आणि म्हणाल्या, "ये रे मेल्या, आले मी."

तो आला. नाक जाळीला लावलं. काकूंनी डोळे मिटून नळी सोडली.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. कणीक मळली, भांडी घासली, उभ्यानं जेवल्या. काकांनी कानाचं मशीन काढून पाहिलं, फुंकर मारली, बॅटरी बदलली, परत लावलं. तरी आवाज येईना, तेव्हा त्यांना कळलं की मशीन ठीक आहे.

"काय झालं गं?"

"रोज खोटं बोलायचं काम लागलंय मला," काकू म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या. तो आधीच पुसलेला होता.

दिवस असे गेले की त्यांना कशातच चैन पडेना. निवाऱ्यात असल्या की घरी जावंसं वाटायचं, घरी गेल्या की निवाऱ्यात काय चाललं असेल याची घालमेल. रोज हाक, रोज डबा, रोज पाणी. कोल्ह्याला आधी काही समजेना. पाण्याचा मार खाऊन पळायचा, दोन घटकांनी परत यायचा, काहीतरी चुकून झालं असेल असं धरून. काकूंना तेच सहन व्हायचं नाही. तो रागावला असता, चावला असता तरी चाललं असतं, पण तो दर वेळी त्यांना नव्यानं माफ करत होता. "अरे, शीक की गाढवा," त्या मनातल्या मनात म्हणायच्या आणि पुन्हा गोड आवाज काढायच्या.

हळूहळू तो उशिरा यायला लागला. मग अर्ध्यातून परतायला लागला. मग झुडपातून नुसतं तोंड बाहेर काढायचा. एका संध्याकाळी हाक मारली आणि झुडूप हललंच नाही. डॉक्टरीणबाईनं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी तो खांद्यानंच झटकला आणि नळी गुंडाळत बसल्या. मग त्यांना त्याची लाज वाटली, म्हणून तिच्यासाठी चहा करून आणला.

शेवटची परीक्षा उरली होती. थंडीची चाहूल लागली होती, सकाळी पत्र्यावर दव साचायचं.

"आज डबा नाही, नळी नाही," डॉक्टरीणबाईनं सांगितलं. "कोट पण काढा. पिंजऱ्याच्या आत जाऊन बसा आणि बोला. पूर्वी बोलायचात तसं, हवा तेवढा वेळ. तो आला तर प्राणिसंग्रहालयाला फोन करते. नाही आला तर उद्या सोडू."

"आणि मी मुद्दाम खोट्या आवाजात बोलले तर?"

"तर परीक्षा माझी होईल, त्याची नाही. रानाच्या कडेच्या कुठल्यातरी घरात कुणीतरी बाई खऱ्या आवाजात आपल्या पोराला हाक मारणारच आहे, काकू."

काकू आत गेल्या. ओल्या गवतात मांडी घालून बसल्या. कोल्हा पलीकडच्या कोपऱ्यात उभा होता. केवढा झाला होता! अंगभर दाट केस, पायांत जोर. गोचिड्यांनी पोखरलेलं ते पिल्लू हेच, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

"ये रे मेल्या," काकू म्हणाल्या. "आले मी."

त्याचे कान वळले. बाकी अंग जागचं हललं नाही.

मग काकू बोलायला लागल्या. शेजारणीनं मिक्सरचं झाकण शेवटी आणून दिलं ते सांगितलं. काकांनी काल आपणहून विचारलं, तुझा कोल्हा कसा आहे, तेही सांगितलं. तो ऐकत होता, यात शंका नव्हती. मान तशीच वाकडी, डोळे तसेच त्यांच्यावर. एक पाय उचलला. एक पाऊल पुढे टाकलं. जाळीबाहेर डॉक्टरीणबाईनं श्वास रोखला.

येऊ नकोस, असं काकूंच्या मनात आलं. आणि त्याच वेळी, देवाशपथ, ये असंही आलं. एकदाच ये, काय व्हायचं ते होऊ दे. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे उघडे करून त्याला दाखवले.

"हे बघ. काही नाही हातात. डबा नाही, पाणी नाही. आज नाही रे फसवत."

कोल्ह्यानं त्या हातांकडे पाहिलं. मग पाय मागे घेतला, पाठ फिरवली आणि दबकत झुडपात शिरला. झुडपाच्या फांद्या हलल्या आणि थांबल्या.

डॉक्टरीणबाई दार उघडून आत आली. "उठा काकू. पास झाला तो. उद्या सकाळी सोडू."

काकू हात तसेच पुढे धरून बसल्या होत्या.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "फार चांगलं झालं. पण आज मी खरं बोलत होते हो."