एडेलमिराच्या उजव्या गालातली नस

मी एक नस बोलतेय. एडेलमिराच्या उजव्या कानाखालून निघते आणि झाडासारख्या फांद्या फोडत डोळ्याला, गालाला, ओठाला जाते. ती हसते, रुसते, तोंड वाकडं करते, ते सगळं माझ्याकरवी. नाव मात्र चेहऱ्याचं होतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कासानारेच्या गवताळ रानात गुरं शिट्टीवर चालतात. एडेलमिराची शिट्टी नदीपलीकडे ऐकू जायची. तिचा नवरा एलिओदोरो स्वतःला तिच्याहून मोठा गुराखी समजायचा. गाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी तिने नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला हात लावला. गाईने मान फिरवली आणि शिंग कानाखाली घुसलं. मी तुटले.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर किन्योनेस बाईंनी माझी दोन टोकं बारीक दोऱ्याने सांधली.

"शिवलंय," त्या म्हणाल्या. "पण तुटल्यापुढचे धागे मरणार. नवे कानापासून वाढत यायला हवेत. नखं वाढतात ना, त्याहून भरभर, पण तरी हळूहळूच."

"आणि उशीर झाला तर?" एडेलमिराने अर्ध्या तोंडाने विचारलं.

"स्नायू कायम वाट बघत नाहीत, बाई. वाळून जातात."

पुढचे धागे खरंच मेले. माझ्याभोवतीच्या पेशींनी त्यांचा कचरा उपसला, पण त्यांच्या नळ्या तशाच राखल्या, आणि त्या नळ्यांतून मला हाका मारत राहिल्या. मी चाचपडत निघाले. दिवसाकाठी मोहरीच्या दाण्याएवढी.

बाहेर दिवस वाईट होते. कॉफी ओठाच्या कोपऱ्यातून गळायची. उजवा डोळा मिटत नसे, म्हणून झोपण्याआधी एलिओदोरो तो चिकटपट्टीने बंद करायचा. न बोलता करायचा. लग्नापासून तो बरंच काही न बोलताच करत आला होता.

गुरांना त्याने शिट्टी मारून बघितली. एकही गाय हलली नाही.

"तुझी शिट्टी त्यांना कळत नाही," एडेलमिरा म्हणाली.

"कळते. मानत नाहीत."

एडेलमिरा हसली. अर्धाच चेहरा हसला. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ओठाच्या स्नायूवर माझी जुनी जागा अजून रिकामी होती. माझे दोन-तीन धागे तिथे एकदमच टेकले. ज्याची पकड घट्ट तो राहिला, बाकीचे मुकाट मागे सरले. मी पहिला निरोप धाडला.

"तुझा ओठ हलला," एलिओदोरो म्हणाला. तो मक्याची भाकरी खात होता.

"माशी बसली असेल."

"माशी आणि ओठ यातला फरक मला कळतो."

तिने आरसा आणला आणि दुपारपर्यंत तो खाली ठेवला नाही.

काही आठवड्यांनी नदी चढू लागली. कळप पलीकडच्या सखल किनाऱ्यावर अडकला होता; उंचवटा अलीकडे, एडेलमिराच्या बाजूला. एलिओदोरो गुरांशेजारी छातीभर पाण्यात उभा राहून ओरडत होता. गाई त्याच्याकडे पाहुण्यासारख्या बघत होत्या.

एडेलमिराने ओठ आवळले. नुसती हवा आली. पुन्हा हवा. मी होतं नव्हतं ते सगळं त्या स्नायूत ओतलं. तिसऱ्यांदा शिट्टी निघाली. फाटकी, तिरकी, पण तिची. पुढच्या गाईने मान वर केली आणि पाण्यात पाय टाकला. तिच्यामागे एकेक करून सगळा कळप पोहत आला.

फक्त एक झालं. वाटेत ओठाकडे निघालेले माझे काही धागे भलत्याच नळीत शिरून डोळ्याच्या स्नायूला जाऊन बिलगले होते. त्यामुळे शिट्टी वाजली की उजवा डोळाही मिटत होता. दर शिट्टीला. नवऱ्याकडे तोंड करून.

शेवटच्या वासराला ढकलत एलिओदोरो काठावर आला. निथळत उभा राहिला.

"मी नदीत बुडत होतो, एडेलमिरा. तेव्हा डोळा मारायचा असतो का?"

"मी नाही मारला. आपोआप मिटतो."

"बरं," तो म्हणाला आणि सदरा पिळू लागला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर बाईंनी तिला शिट्टी वाजवायला लावली. इस्पितळाच्या व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली.

"छान जुळलंय," त्या म्हणाल्या. "थोडं चुकीच्या जागीही जुळलंय. आरशासमोर सराव करा, जरा कमी होईल. नाहीतर डोळ्याशी एक सुई देते. स्नायू ढिला पडतो, मिटणं थांबतं. देऊ?"

एडेलमिराने नवऱ्याकडे पाहिलं. एलिओदोरो टोपी दोन्ही हातांत फिरवत होता.

"दुखतंय का तिला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग राहू द्या. इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी डोळा मारला नव्हता."

डॉक्टर बाईंनी सुई परत ठेवली. एडेलमिरा लाजली, आणि दोन्ही गालांनी हसली. उजवा जरा मागून आला. वाचकहो, आमच्याकडून कामाला उशीर होतो. तेवढा सांभाळून घ्या.